उभी गाडी आणि मामाचा हँडब्रेक

अख्ख्या अंबरपेठेत गाडी उभी करावी तर माझ्या मामानंच. चालवायला त्याला जेमतेम यायची, पण पार्किंग म्हणजे त्याचा धर्म. गल्लीच्या चढावर गाडी लावली की चारही बाजूंनी फिरून बघणार, डोळा बारीक करणार, परत आत बसून बोटभर पुढं घेणार. हँडब्रेक कधीचा मेलेला, म्हणून मागच्या चाकाला दगड. पण कबूल करेल तर शपथ. "हँडब्रेक एकदम पक्का आहे. दगड आपला एक्स्ट्रा." गाडी वर्षातून आठ दिवस हलायची, विमा मात्र बाराही महिने चालू. नवं तेलंगण झालं तेव्हा नंबरप्लेटवरचं एपी पुसून टीएस रंगवायला बसला होता. मामीनं ब्रश काढून घेतला.

त्याच वर्षीचा दसरा. गाडी धुतली, हार घातला. चाकांखाली लिंबं ठेवायची तर दगड मध्ये येतो, म्हणून मामानं दगड काढला. लिंबं ठेवून नारळ फोडायला वळला, आणि त्याच्या पाठीमागं गाडी लिंबं चिरडत उतारावरून निघाली, हारासकट. खाली यादम्माचा इस्त्रीचा ठेला. तिच्या पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. मामा अनवाणी धावला, तिला ऑटोत घातलं, आठवडाभर दवाखान्यातून हलला नाही. माणूस वाईट नाही हो, तेच तर दुखणं आहे.

यादम्मानं भरपाईचा दावा लावला. विमा कंपनी म्हणाली, गाडी उभी होती, आत कुणी नव्हतं, मालकाची चूक नाही, मग आम्ही का द्यायचं? यादम्माचा वकील मामाला म्हणाला, "सार, हँडब्रेक खराब था, पत्थर मैंच निकाला, इतना बोल दो बस. पैसे कंपनी देती, आपका कुछ नहीं जाता." मीपण दहा वेळा सांगितलं. मामा मान डोलवत कोर्टात गेला आणि ताठ उभा राहून म्हणाला, "ब्रेक मैं खुद खींचा था. मेरी गाडी हिलतीच नहीं."

दावा फेटाळला. अपील पडून आहे. यादम्माचा पाय वाकत नाही, ती स्टुलावर बसून इस्त्री करते.

मला मामाचा अजून राग येतो. पण रोज सकाळी तो तिनंच काल इस्त्री केलेले शर्ट घरी हातानं चुरगाळतो आणि परत तिच्याकडेच इस्त्रीला घेऊन जातो. एकदा मी सोबत होते. यादम्मा मान वर न करता म्हणाली, "सार, एक बात बोल देते तो क्या जाता था?"

मामा म्हणाला, "कॉलर जरा ठीक से, अम्मा."

तिनं शर्ट घडी करून दिले. मामानं ते छातीशी धरले. मग खाली मान घालून चढ चढायला लागला.