मागच्या बाकावरचा प्याला

चर्चच्या शब्बाथशाळेत दर रविवारी मी पोरांना वर्षानुवर्षं एकच धडा शिकवला: माणूस स्वतःच्या कर्मांनी नव्हे, विश्वासानं नीतिमान ठरतो. फळ्यावर इतक्या जोरात लिहायचे की खडू मोडायचा. वाटायचं, प्रेषितांची धाकटी बहीण उदगीरातच जन्मलीय. अक्कल तेवढी जन्मायची राहिली होती.

लेकीनं हदगावच्या एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. आमच्या मंडळीचा रिवाज असा, की असं लग्न करणाऱ्यानं उपासनेत सगळ्यांसमोर माफी मागायची आणि वर्षभर मागच्या बाकावर बसायचं. प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरसाचा प्याला बंद. माझा थोरला भाऊ मंडळीचा पंच. निरोप त्यानंच धाडला.

लेक म्हणाली, "आई, मी पाप केलं असं तुला वाटतंय का?"

"लोक काय म्हणतील? उभी राहा मुकाट्यानं," मी म्हणाले.

ती उभी राहिली. चार महिन्यांची गरोदर. मी पहिल्या बाकावर, मान ताठ, जशी काही बक्षीस घ्यायला आले होते.

वर्ष सरायच्या आत भावाच्या मुलानं धर्माबादची हिंदू मुलगी तश्शीच रजिस्टर करून आणली. मागच्या बाकाचं कुणी नावही काढलं नाही. मंडप पडला, बिर्याणी झाली, पाळकसाहेबांनी कृपेवर उपदेश दिला.

मी भावाला गाठलं. "दादा, माझ्या पोरीला कृपा न्हाई का?"

"आगं, पोरगं सून घरात आणून राहिलंय. पोरगी तर बाहेर गेली. सारखं कसं हुईल?"

"म्हंजे विश्वासानं न्हाई, मिशीनं नीतिमान ठरतंय माणूस!"

"मला कशाला बोलून राहिलीस? मी नुसता निरोप धाडला. पोरीला उभं तूच केलंस."



पुढच्या प्रभुभोजनाला दादा द्राक्षरसाचं तबक घेऊन निघाला. आपल्या मुलाला त्यानं हसत प्याला दिला. मी माझा उचलला आणि सगळ्यांच्या देखत मागच्या बाकाकडं गेले. लेकीच्या मांडीवर तान्हं होतं. प्याला पुढं केला.

"राहू दे, आई. त्या दिवशी शेजारी उभी राहिली असतीस तर घेतला असता."

शिक्षेचं वर्ष संपलं, तशी ती चर्चला यायचीच थांबली. मी अजून त्याच मागच्या बाकावर बसते. तबक आलं की दादा थांबतो. मी म्हणते, "हो पुढं." बायका विचारतात, इथं का बसता? सांगते, पंख्याचं वारं लई चांगलं लागतंय.

पंखा तिथं नाहीच.