अर्थ विचारायचा नाही

मी इंग्रजी टाइप करतो, पण इंग्रजी मला येत नाही. बीडच्या कचेरीसमोर टेबल टाकून बसतो आणि वकील लोक हातानं खरडून देतात ते कॉम्प्युटरवर उतरवतो. स्पेलिंग माझं चुकत नाही. अर्थाशी मला देणंघेणं नाही, आणि कुणी अर्थ विचारला की माझं डोकं फिरतं.

रस्त्याच्या पलीकडे मिस्तरीचं गॅरेज होतं. मोटारसायकली दुरुस्त करायचा. शिक्षण उर्दू शाळेतलं, तेही अर्धवट सोडलेलं. इंग्रजी अक्षरं तो स्पेअर पार्टच्या खोक्यांवरून शिकला होता. एकदा भंगारवाल्याकडून तो इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाचा पट घेऊन आला. लाकडी ठोकळ्यांवर एकेक अक्षर, अक्षराखाली त्याचे गुण. काही ठोकळे हरवलेले होते, ते त्यानं इंजिनाच्या पॅकिंगचा जाड कागद कापून तयार केले. पिशवीत हात घातला की कागदी ठोकळे बोटांना लगेच कळायचे, त्यामुळे लबाडीला भरपूर वाव होता आणि आम्ही दोघंही ती करायचो.

सुरुवातीला रोज भांडणं. मी शब्द लावला की तो म्हणायचा, "अरथ सांग, मंग मानतो." अर्थ मला कुठला सांगता यायला? शेवटी मी इंटरनेटवरून याद्या काढल्या. दोन अक्षरांचे शब्द वेगळे, तीन अक्षरांचे वेगळे, असं करत सातपर्यंत. क्यू असून पुढं यू नाही असे वेगळे, झेडवर संपणारे वेगळे. कागद गॅरेजच्या भिंतीवर चिकटवले आणि आम्ही ते पाढ्यांसारखे पाठ केले. नियम एकच ठरला, यादीत असेल तर शब्द खरा. अर्थ विचारायचा नाही. दोन अडाणी माणसांना मोठा सोयीचा नियम होता तो.

पुढं त्या खेळाचं वेडच लागलं. तो इंजिन खोलता खोलता मनात शब्द जुळवायचा आणि सुचला की रस्त्यापलीकडून बोटं दाखवायचा. चार बोटं म्हणजे चार अक्षरी, पाच म्हणजे पाच. समोर पक्षकार बसलेला असला तरी मी मान डोलवायचो. लोकांना वाटायचं आमचा काहीतरी सट्टा चालतो.

हातातले सातही ठोकळे एका दमात लागले की पन्नास गुण जास्तीचे. मला ते कधीच जमलं नाही. त्याला एकदाच जमलं. दुपारची वेळ होती, गालात गुटख्याची पुडी भरलेली, आणि त्यानं एकेक ठोकळा ठेवला. आर, ई, एल, ए, पी, एस, ई. मी चिडून यादी पाहिली. सात अक्षरांत, आरखाली, शब्द होता. मी वाचला, "रिलॅप्स." तो बाहेर जाऊन पचकन थुंकून आला आणि म्हणाला, "बघ बे मुनशी, येक नंबर हाय का न्हाई?" त्या दिवशी गॅरेजसमोर थांबलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यानं चहा पाजला.

मग त्याच्या तोंडाला तिखट लागेनासं झालं. भाकरीचा घास आत जाईना, तोंड पुरतं उघडेना. गालात आतून चट्टा होता. "उष्णता हाय," म्हणत तो तोंडात लावायची औषधं आणत राहिला आणि पुड्याही खात राहिला. मी किती बोललो असेन त्याला. दवाखान्यात नेलं तेव्हा बरंच आत गेलेलं होतं. ऑपरेशनमध्ये गाल, जबड्याचा तुकडा आणि निम्म्याहून जास्त जीभ गेली. पहिल्यांदा भेटायला गेलो तर त्याचा चेहरा एका बाजूनं खचलेला होता. मला आधी त्याचा राग आला आणि मग त्याच्यासमोरच रडू आलं.

बोलणं संपलं. घशातून आवाज यायचा, शब्द व्हायचा नाही. भाबीला, म्हणजे त्याच्या बायकोला, तो उर्दूत लिहून दाखवायचा, मला उर्दू येत नाही. आमचं बोटांवर भागायचं. खेळ मात्र चालू राहिला. लाळ गळायची म्हणून तो मानेला रुमाल बांधून बसायचा. पिशवीत माझा कागदी ठोकळ्याकडे हात गेला की आता "चाचपू नको" म्हणायला कुणी नव्हतं. मीच आपला हाताला येईल तो ठोकळा काढायचो.

वर्षभरानं त्याच्या मानेत गाठ आली. तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं अंबाजोगाईला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, वागायला चांगल्या. त्यांनी कागद पाहिले, मान चाचपली आणि शेजारच्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या. त्यात तो शब्द आला. रिलॅप्स.

मिस्तरीनं मला कोपरानं ढोसलं. मी बघितलं तर त्यानं सात बोटं वर धरली होती. डोळे असे चमकत होते की विचारू नका. त्याचा शब्द एवढी शिकलेली बाई बोलली होती.

बाईंनी त्याला वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला थांबवून घेतलं. "काका, दुखणं उलटलंय," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा ऑपरेशन होण्यासारखं नाही. त्रास कमी करता येईल, तेवढंच. यांना आणि घरच्यांना कसं सांगायचं, ते आपण ठरवू."

स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. तो अजून खुशीत होता. त्यानं पुन्हा सात बोटं दाखवली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि बोटं तशीच ठेवून मान हलवली. म्हणजे काय? नियम ठरल्यापासून त्यानं पहिल्यांदाच अर्थ विचारला होता.

"अर्थ विचारायचा न्हाई, मिस्तरी," मी म्हणालो. "आपलं ठरलंय."

हे वाक्य मी आयुष्यभर लोकांवर खेकसत आलो होतो. या वेळी खेकसता आलं नाही, आवाज फाटला.

मग त्यानं बोटं मिटली, रुमालानं तोंड पुसलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. गाडी लागेपर्यंत त्यानं तो काढला नाही.