खलात घोटलेलं शेवाळ

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या एका लहानशा प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. मार्गदर्शक सर पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. समुद्राकाठच्या खडकांवरच्या हिरव्या शेवाळातलं एक प्रथिन आम्हाला काढायचं होतं, तेही शाबूत, आपलं काम करणारं. त्यासाठी आधी पेशी फोडायला हव्या होत्या आणि शेवाळाच्या पेशीची भिंत फार चिवट असते.

डिटर्जंटने पेशी चटकन फुटल्या, पण प्रथिन निकामी झालं. ध्वनिलहरींनी पेशी फोडायचं यंत्र मुंबईत. एसटीच्या प्रवासात नमुना टिकला नसता. मग सरांनी गोठवून वितळवायची पद्धत धरली. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून बर्फ आणायचा, त्यात खडेमीठ घालायचं, नळी गोठवायची, मग कोमट पाण्यात धरायची. किती दिवस तेच चाललं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जशाच्या तशा.

शेवटी मी म्हटलं, "सर, खलात वाळू घालून घोटूया का? तुम्ही पूर्वी तसंच करायचात ना?"

सरांनी खिशातला उजवा हात काढून टेबलावर ठेवला. तो थरथरत होता.

"घोटायला हात एका लयीत चालावा लागतो," ते म्हणाले. "माझा आता चालत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितलाय. घरी अजून बोललेलो नाही."

मी कपाटातून खल काढला. म्हटलं, "मी घोटते. तुम्ही शेजारी बसा."

"जोर लावू नकोस. गरम झालं की प्रथिन गेलंच."

खल बर्फात बसवला. सर स्टुलावर बसून "थांब", "आता हळू" एवढंच सांगत होते. गाळून घेतलेला अर्क मी तपासणीच्या नळीत घातला. आतला रंगहीन द्रव हळूहळू पिवळा झाला. म्हणजे प्रथिन शाबूत होतं, आपलं काम करत होतं. सर बराच वेळ त्या पिवळ्या रंगाकडे बघत राहिले.

त्याच संध्याकाळी त्यांनी घरी सगळं सांगितलं, हे मला त्यांच्या पत्नीकडून पुढे कळलं. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. प्रबंध लिहिताना मी त्यांच्या घरी गेले आणि विचारलं, "घोटायची पद्धत सगळ्यात शेवटी का घेतली, त्याचं कारण काय लिहू?"

"बाकीच्या पद्धतींनी जमलं नाही, असं लिही. ते खोटं नाही."

मी तसंच लिहिलं.