नानांनी वर केलेला हात

भूतबित मी मानत नाही. आजही नाही! आमच्या घरात देव्हारा नाही, पत्रकांचे गठ्ठे आहेत; त्यातली बुवाबाजीवरची काही मीच लिहिलेली. तरीही हे लिहितोय...

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला डिप्लोमा करून मी असोद्याजवळ एका जिनिंगच्या शेडवर सुपरवायझर होतो. लोखंडी तुळया खांबांवर चढवून जोडायचं काम नानांच्या टोळीकडे. नाना ठार बहिरे — आयुष्यभर रिव्हेटवर घण मारून कान गेलेले. म्हणून टोळीचा एक नियम होता. नानांचा हात वर गेला की हातातलं सोडून त्यांच्यामागे जायचं, कारण विचारायचं नाही.

नकाशात तुळईचा जोड खांबाजवळ होता. ठेकेदाराने उरलेले आखूड तुकडे जुळवले आणि जोड आणला नेमका मधोमध, जिथे तुळईला सगळ्यात जास्त वाक येतो! त्यात बोल्ट अर्धेच, आणि वर पत्रेही टाकलेले. दुपारी साइटवर येताच मी त्याला गेटवर धरलं.

"जेवणानंतर मारतो ना बाकीचे बोल्ट!"

"आणि तोवर पडली तर?"

"तुमच्या पुस्तकात पडते, साहेब. माझ्या शेडमध्ये नाही."

टोळी त्याच पत्र्यांच्या सावलीत जेवत होती. मी ओरडलो, "बाहेर या रे!"

"भाऊ, बाहेर ऊन शे! तुम्हीच या सावलीत," कुणीतरी हसून म्हणालं.

नानांची माझ्याकडे पाठ होती. अचानक ते उठले, हात वर केला आणि "उनू व, उनू!" — आलो गं, आलो — म्हणत पलीकडच्या कपाशीकडे चालू लागले. सवयीने टोळीही उठली, भाकरी हातात घेऊन.

"नाना, कोठे चालनात? सासुरवाडीले का?"

शेवटचा माणूस उन्हात आला, आणि तुळई जोडातच मोडून पत्र्यांसकट खाली आली. जेवणाच्या डब्यांचा चेंदामेंदा झाला.

"देव पावला! नारळ फोडतो," ठेकेदार म्हणाला.

"नारळ नको, बोल्ट आण!" मी किंचाळलो. तुळई का पडली हे सांगायला देव लागत नाही, लोखंडातली चोरी पुरते.

पण नाना? ते बांधावर बसून रडत होते. कोण होतं, असं मी हातानेच विचारलं.

"मनी बायको. मरताना तिना व्हट हालनात... मले काहीच ऐकू नहीं उनं. आज उनं. मनं नाव लिधं तिनी."

जिवंतपणी तिने उखाण्यापलीकडे नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

भास म्हणा. मीही भासच म्हणतो. पण भासाला ती वेळ कशी साधली? मला अजून सांगता आलेलं नाही.

काम संपेपर्यंत नाना कपाशीच्या बांधावरच जेवत. टोळीत कुणी बोलताना दिसलं की तो बहिरा माणूस चिडायचा, "गप ऱ्हा रे जरासा!"

आणि सगळे गप राहायचे. मीसुद्धा.