शेवंताच्या घरातला दुसरा आवाज

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आम्ही बौद्ध. घरात देवच नाहीत, तिथं भुतांना कोण विचारतो! त्यात मी नर्स. अंगात आलेल्या बायांना ग्लुकोज पाजून ताळ्यावर आणलेलं आहे मी. तरीही हे लिहितेय... कारण मनातून जात नाही.

२००२-०३ च्या सुमाराची गोष्ट. मी कळमनुरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर होते. हिंगोलीहून एसटीनं यायचं, फाट्यावर उतरायचं आणि पायी बंजाऱ्यांच्या तांड्यावर जायचं. तिथल्या शेवंताचा नवरा वसंता ट्रक चालवायचा. तो एड्सनं गेला. तेव्हा त्या रोगाचं नाव काढलं तरी माणसं उठून जायची. पेपरात देशभरचे आकडे यायचे, आमच्या भिंतीवर पोस्टरं होती, पण मेलेल्याच्या दारात येऊन बसायला कोणी तयार नसायचं. वसंताला चौघांनी कसंबसं उचललं, एवढंच.

त्या तांड्यात रीत अशी, की मयत झाल्यावर बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. गेलेल्याचं नाव घेत, त्याच्या आठवणी काढत. एक थांबली की दुसरी उचलते. एकटीनं तसं रडता येत नाही, समोर गळा लागतो. आणि पहिला गळा माहेरचा. शेवंताच्या माहेरचे भीतीनं आलेच नाहीत. तांड्यातल्या बायांना तेवढं निमित्त पुरलं. तिच्या जावेनं मला ऐकवलं, माहेरचंच कोणी फिरकलं नाही तर आम्ही आधी कसं रडायचं?

शेवंता रडलीच नाही. जेवणही सुटलं. मी गोळ्या द्यायचे, सलाईनचं बोलायचे, रागवायचे. ती नुसती चुलीकडं बघत बसायची. हिला रोग नेणार नाही, हा एकटेपणाच नेणार, अशी मला भीती वाटायला लागली होती.

एकदा भर दुपारी गेले. हळद काढायचे दिवस, सगळा तांडा रानात. मागं फक्त शेजारची धानीआजी, तीही आपल्या अंगणात खाटेवर. शेवंताच्या घराजवळ आले आणि आतून रडणं ऐकू आलं. दोन बायांचं. एक आवाज शेवंताचा. दुसरा म्हातारा, घोगरा... मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चला, आली एकदाची हिची आई.

मी दारातच थांबले. त्यांची बोली मला फारशी येत नाही, पण नावं कळतात. शेवंता वसंताचं नाव घेत होती. दुसरी मात्र नावामागून नाव घेत होती. पुरुषांची, बायांची, लेकरांची असावीत अशीही. संपतच नव्हती. एवढी माणसं कोणाची गेली असतील?

मग एकदम शांत झालं. मी आत गेले. शेवंता एकटीच. घराला दार एकच, आणि त्यात मी उभी होते.

शेवंताचे डोळे सुजले होते. तिनं भाकरी मागितली... मी ती टोपल्यात शोधत असताना तिची पाठ दिसली. उजव्या खांद्यामागं पोलकं ओलंचिंब. मी हात लावून पाहिला. स्वतःचे आसू स्वतःच्या पाठीवर कसे पडतील?

"कोण आलतं गं?" मी विचारलं.

"म्हातारी व्हती. कोपरापोत्तर हाडाच्या बांगड्या. म्या ईचारलं, तुमचं कोण गेलं? म्हनली, समदेच. रडाया कोनी उरलंच न्हाई म्हनली."

मी तिला पाणी दिलं.

संध्याकाळी रानातून बाया परतल्या, तेव्हा धानीआजीनं सगळ्यांना सांगून टाकलं, शेवंताच्या माहेरची आली होती, आपण कानांनी ऐकलं. जाऊ उंबऱ्यापर्यंत आली, घुटमळली आणि मग आत जाऊन शेवंताच्या गळ्यात पडली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. शेवंतानं कोणाचा गैरसमज दूर केला नाही. मीही नाही. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून मनसोक्त रडून घेतलं.

निघताना धानीआजीला मात्र खरं ते सांगितलं. ती म्हणाली,

"माझी सासू सांगायची, निजामाच्या टायमाला मानमोडीचा ताप आला व्हता. सकाळी ताप, सांजच्याला माणूस खलास. तवा तांडा खाली वढ्याकाठी व्हता. जगले वाचले त्यांनी बैलं लादली आन् निघाले. मागं कोण राहिलं, कोनी ईचारलं न्हाई."

ती म्हातारी त्यांच्यातलीच का, हे मला माहीत नाही. भास म्हणावा, तर धानीआजीनंही दोन आवाज ऐकले होते. ओलं पोलकं मी स्वतः हातानं चाचपलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. मीही हसले असते.

शेवंता पुढं काही वर्षं जगली, हळदीच्या कामालाही जायला लागली. १९१८ च्या त्या मानमोडीच्या साथीत देशभर किती मेले, याचा हिशोब कुठंतरी असेल. त्यांच्यासाठी कोण रडलं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. मला एवढंच वाटतं, की ती म्हातारी इतकी वर्षं एका गळ्यासाठी दारोदार फिरत असावी. आणि ज्या गळ्याला अख्ख्या तांड्यात कोणी हात लावत नव्हतं, तोच तिला रिकामा सापडला.