एक्स्ट्रामामींची पाटी

भाजी पिशवीत पडली की इतर बायका निघतात. मामींचं तिथून पुढं सुरू व्हायचं. "बरं, आता वरून काय देता?" मग मूठभर कोथिंबीर यायची, मिरच्या यायच्या, आल्याचा तुकडा तर त्या स्वतःच उचलायच्या. पुंडलिकनगरात दारावर गाडे येत असूनही त्या भाजीला थेट शहागंजचा बाजार गाठायच्या, कारण गाडेवाले वरून काही द्यायला कुरकुरतात असं त्यांचं ठाम मत होतं.

मी कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून शहरात शिकायला आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. आम्ही भाडेकरू मुली त्यांना मामी म्हणायचो. मुलगा पुण्याला नोकरीला लागला तसं त्यांनी बी.ए.ला नाव घातलं, तेही माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्षाला. प्रवेशाच्या खिडकीवर त्यांनी विचारलं, "हे विषय तर झाले. वरून काय हाय?" पहिल्याच वर्षी त्यांनी योग घेतला, मशरूम लागवड घेतली आणि भाषणकलाही घेतली, जिची त्यांना काडीची गरज नव्हती. पोरं त्यांना एक्स्ट्रामामी म्हणू लागली. मामींना ते नाव आवडलं. मामांना मशरूम आवडले नाहीत, कारण ते त्यांच्या पलंगाखाली उगवत होते.

माझा कारभार अगदी उलटा. शेवटचं वर्ष, पदवीला लागणारे क्रेडिट पुरे होत आलेले आणि संध्याकाळी बँकेच्या परीक्षेचा क्लास. मला नोकरी लागली की धाकटी बहीण शिकायला शहरात येणार, असं घरी ठरलं होतं. वडील दर फोनला बजावायचे, "लागतंय तेवढंच कर, बाई."

अशात कॉलेजनं उर्दूचा जास्तीचा कोर्स काढला. पुरेशी नावं आली नाहीत तर वर्गच भरणार नव्हता. मामी कामाला लागल्या. कँटीनमध्ये, पार्किंगमध्ये, जिन्यात त्या पोरांना गाठायच्या. भाषणकला तिथं कामी आली. शेवटी एकच नाव कमी पडलं आणि मामी पोह्यांची बशी घेऊन माझ्या खोलीत आल्या. पोह्यांवर शेव जरा जास्तच होती. तेव्हाच मी ओळखलं.

"मामी, मला उर्दूचा काय उपयोग?"

"काहीच नाय," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठं हाय? पण इतकी वर्षं शहागंजात हिंडते, अर्ध्या पाट्या उर्दूत, मला मुक्या. रिक्षासाठी ज्या भिंतीपाशी उभी राहते ना, तिथं डोक्यावरच ही मोठी पाटी हाय. काय लिवलंय, देव जाणे."

"मग कुणालाही विचारायचं की."

"विचारायचं नाय गं. मला वाचायचंय."

मी वडिलांचं वाक्य ऐकवलं. मामींनी पोह्यांची बशी माझ्यापुढं सरकवली. मग हळूच म्हणाल्या, "लागतंय तेवढंच करायचं, तर मी बारावीवरच बरी होते की. माझ्या पदवीचं कुणाला काय अडलं होतं?"

पोहे संपले. मी नाव दिलं आणि उर्दूचा वर्ग संध्याकाळी म्हणून बँकेचा क्लास पहाटेच्या बॅचला नेला. वडिलांना फोन केला. त्यांनी बॅचची वेळ विचारली. मग म्हणाले, "पहाटंचं उठशील ना पण?"

वर्गात मामी पहिल्या बाकावर. उजवीकडून लिहिताना जीभ बाहेर यायची. सरांनी पानभर गृहपाठ दिला की त्या दोन पानं लिहायच्या. महिनाभर मी चिडचिड केली, पहाटे पेंगले आणि पुढं कधी ती लिपी मलाही आवडू लागली, कळलं नाही.

मग एका शनिवारी आम्ही त्या भिंतीपाशी गेलो. मामींनी भाजीची पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि एकेका अक्षरावर बोट नाचवत वाचलं, "यहाँ... ठहरना... मना है."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग अशा हसल्या की दोन रिक्षा थांबल्या. "लगीन झाल्यापासून इथंच उभी राहते गं मी!"

उर्दूत मामी वर्गात पहिल्या आल्या आणि सक्तीच्या इंग्रजीत नापास झाल्या. झालं असं, की 'कोणतेही दोन प्रश्न सोडवा' असं लिहिलं होतं तिथं मामींनी सगळे सोडवले. निबंधाला वेळच उरला नाही. पदवी अडकली. मामा म्हणाले, "वरचं सगळं पास, पायाच नापास." मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला मी त्यांना परीक्षेच्या दारापर्यंत सोडायला गेले आणि बजावलं, "दोन म्हणजे दोनच." त्या पास झाल्या. पेढा हातावर ठेवताना कानात म्हणाल्या, "एक जास्तीचा सोडवलाच. वेळ होता."

मामा निवृत्त झाल्यावर दोघं पुण्याला मुलाकडं गेले. जायच्या आदल्या दिवशी मामींनी मला शहागंजला नेलं. भाजी घेतली, वरची कोथिंबीर घेतली आणि जाऊन थेट त्या पाटीखाली उभ्या राहिल्या.

"मामी, आता तर वाचता येतं तुम्हाला."

"व्हय. म्हणून तर उभं राहायला लई मजा येते."

मला बँकेत नोकरी लागली. बहीण आता माझ्याजवळच असते, त्याच कॉलेजात. उर्दूबद्दल आजवर मला नोकरीत कुणी विचारलेलं नाही. परवा बहिणीला शहागंजला नेलं होतं. पिशवी जड झाली तशी मी त्या भिंतीपाशी थांबले. मामी नसल्या की ती जागा फार मोकळी वाटते. बहिणीनं वर बघून विचारलं, "ताई, काय लिहिलंय गं तिथं?"

मी तिला सांगितलं नाही.