साडूंचा उन्हाचा तास

परभणीच्या उन्हावर मनापासून प्रेम करणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमचा साडू निघाला. एप्रिलमध्ये आम्ही सगळे भिंतीच्या कडेकडेनं सावली शोधत चालतो, तेव्हा हे गृहस्थ भर रस्त्यात उभे राहून वर बघत हळहळत असतात. "लय ऊन वाया चाललंय, गुरुजी," असं ते इतक्या कळवळ्यानं सांगतात की ते ऊन मीच सांडलंय असं वाटावं. जिंतूरच्या अलीकडे आमच्या गावात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारीची तार काढायची आणि नवी भरायची, हा धंदा. पण दुकानात मोटारींपेक्षा डबे जास्त, आतून काळे रंगवलेले, वर काच लावलेले. त्यातल्या एका डब्यात त्यांनी एकदा मला वरण शिजवून घातलं. सकाळी नऊला उन्हात ठेवलेलं वरण दुपारी तीनला तयार झालं, तोवर माझ्या पोटात कावळे ओरडून दमले होते. डाळ दाताखाली लागत होती, तरी गॅस अजिबात लागला नाही या आनंदात त्यांनी मला तीनदा वाढलं. लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी जनरेटर बघायला जातात. माझ्याच पुतणीच्या लग्नात, दुपारच्या मुहूर्ताला, ऐन मंगलाष्टकांत त्यांनी मांडवातले हॅलोजन बंद केले. शूटिंगवाला ओरडला, नवरदेवाचा मामा धावून आला, आणि हे शांतपणे म्हणाले, "बाहीर एवढा मोठा सूर्य हाय, त्येच्यात नवरी दिसंना का तुमाला?" मी त्या वेळी गर्दीत मागं सरकून, हे आपले कोणी नव्हेत असा चेहरा करून उभा होतो. त्या कलेत मी पहिल्यापासूनच तरबेज.

मी गावच्या शाळेचा मुख्याध्यापक. दर शनिवारी साडू शाळेत येऊन पोरांना ऊन, वारा, गोबरगॅस असलं काहीबाही शिकवायचे. मैदानातल्या लोखंडी स्टँडवर त्यांनी सोलरचं एक जुनं पॅनल बसवलं होतं आणि त्यावर सहावीच्या वर्गात एक दिवा लागायचा. त्यांची शिकवण एकच. "मी सांगायलो म्हणून खरं मानायचं न्हाई. पॅनलवर पोतं टाकून बगायचं. दिवा इझला तर उन्हाचा, न्हाई इझला तर लबाडी." पोरं दर शनिवारी पोतं टाकायची, दिवा विझायचा आणि टाळ्या पडायच्या. वर्षभर चाललेल्या या खेळाला पोरं कधी कंटाळली नाहीत.

जिल्ह्याहून साहेब शाळा बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी खारीनं पॅनलची वायर कुरतडली. मला घाम फुटला. साडू मात्र खूश. "उद्या सायबासमोरच दुरुस्त करू. बिघाड हुडकायचा कसा, ते पोरायला कळंल." मी बरं म्हणालो, आणि ते गेल्यावर वर्गात त्या दिव्याच्या जागी विजेवरचा साधा दिवा लावून त्याची वायर कपाटामागून ऑफिसच्या बोर्डात नेऊन खोचली. सकाळी त्यांना निरोप धाडला, दुरुस्ती झाली, सावकाश या. साहेब येणार म्हटलं की भिंतींना चुना द्यायचा आणि बंद पडलेलं चालू दाखवायचं, यातच माझी सगळी नोकरी सरली; मला त्यात वावगं असं काही वाटलंसुद्धा नाही.

साहेब दिव्याकडे बघून मान डोलवत होते, तेवढ्यात सहावीतली शीतल कुणी न सांगता उठली आणि मैदानात जाऊन पॅनलवर पोतं टाकून आली. दिवा लागलेलाच. "सर, इझला न्हाई," ती म्हणाली. साडू नुकतेच येऊन दारात उभे होते. त्यांनी दिवा पाहिला, कपाटामागची वायर पाहिली आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग पुढं येऊन हात जोडले. "साहेब, मीच जोडली वायर. पॅनल बंद हाय. गुरुजीला ह्यातलं काय ठाव न्हाई." साहेबांनी मला विचारलं, "खरं का?" आणि मी हो म्हणून मान हलवली. त्यानंतर दहा मिनिटं साहेबांनी साडूंना पोरांसमोर प्रामाणिकपणावर सुनावलं, आणि मी शेजारी उभा राहून साहेबांच्या चहातली साखर ढवळत होतो. हे लिहितानाही माझी मान खाली जाते.

संध्याकाळी दुकानात गेलो. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "जाऊ द्या. तुमची नोकरी हाय. मला कोन सस्पेंड करनार?" पुढच्या शनिवारी ते आले, फळ्यावर सूर्य काढला, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "काका, हे तरी खरं हाय का?" कुणी हसलं नाही. "बराबर इचारलं," साडू म्हणाले. तास पुरा केला, पण नंतर ते आले नाहीत. बोलवायला गेलो की मोटारीत डोकं घालून म्हणतात, "सीझन हाय, गुरुजी." पॅनलची वायर मात्र त्यांनी जोडून दिली, शाळा सुटल्यावर, वर्गात कुणी नसताना.

खरं सांगायला मला एकच वाक्य पुरेल. दर शनिवारी ते घरून जुळवून नेतो आणि तसंच परत आणतो. परवा शीतल टेबलाशी आली. "सर, काकाला येऊ द्या म्हना. आमी त्यायला माफ केलंय." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"सांगतो," म्हणालो, आणि हजेरी घ्यायला लागलो.